टाकीवरची तुझी घार

३ मार्च

धाकटे,

खुशाली विचारायला हे पत्र नाही, आधीच सांगते. वर आशीर्वाद लिहायचा असतो, तोही लिहिलेला नाही, कारण आज हात तिकडे वळत नाहीये. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चुका काढत बसू नकोस. फोन तू उचलत नाहीस. बरोबरच करतेस, फोनवर मी ओरडते. कागदावर ओरडता येत नाही म्हणून इस्त्रीच्या टेबलावर कागद घेऊन बसलेय.

तुझं पाकीट परवा आलं. नाव पोरीचं होतं. मी फोडलं. सतरा वर्षांच्या मुलीच्या नावाने जाडजूड पाकीट आलं तर कुठली आई ते उन्हाला धरून बघत बसेल? फोडलं आणि वाचलं. एकदा उभ्याने, एकदा बसून.

तर तू तिला तिकडे बोलावतेस. तू कामाला लागलीस त्या जखमी पाखरांच्या दवाखान्यात दोन वर्षांचं शिक्षण आहे, राहायला तुझी खोली आहे, खोलीला मोठी खिडकी आहे. सोबत छापील अर्ज. तीस एप्रिलच्या आत पोचला पाहिजे. आईबापाने सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची बारीक फुली. तुझं सगळं असंच नीटनेटकं. आणि शेवटी काय लिहिलंस, 'आईला आपण हळूहळू समजावू.' आपण म्हणजे कोण गं? तू आणि माझी मुलगी मिळून 'आपण' झालात आणि मी बाहेरची?

तिच्या वतीने मीच उत्तर देते. ती येणार नाही. तिला यायचंच नाहीये. आमच्या लॉन्ड्रीत तिचं मन रमलंय. संपला विषय.

आता दुसरी गोष्ट. तुझी घार परत आलीय. तुझी म्हणते, कारण माझी तर ती नक्कीच नाही. मागच्या साली होती तिथेच, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी चौकटीत, काटक्यांचं ते ध्यान पुन्हा रचलंय. अंडी घातली असणार, कारण एक सारखी बसून असते आणि दुसरा समोरच्या खांबावरून पहारा करतो. आमचे हे चिमटे द्यायला वर येतात, त्यांना ती काही करत नाही. पोरगी वही घेऊन तासन्‌तास समोर बसते, तिलाही नाही. मी चादरी दोरीवर घालायला लागले की आलीच खाली, सूं करत, केसांना वारा लागेल इतक्या जवळून. शिवाय धुवायला आलेले हॉटेलचे पांढरे रुमाल दोरीवरून उचलून नेते आणि घरट्यात अंथरते. आजवर नऊ गेले. हे म्हणतात, "बाळंतिणीला आपल्याकडून दिले समज." सगळ्यांना विनोद सुचतात. ओरखडे मात्र माझ्या डोक्यावर.

तुझ्यावर ती एकदाही आली नव्हती. मागचा अख्खा मोसम तू तिच्या नाकासमोर कपडे वाळत घातलेस आणि ती मान वाकडी करून तुझ्याकडे बघत बसायची, घरातली सगळीच बसायची तशी. काय खायला घालत होतीस तिला? खरं सांग. खाटकाकडून गुपचूप काही आणत होतीस ना? मलाही आणू दे. माझी कामं खोळंबलीत.

मोठी


१४ मार्च

धाकटे,

कार्ड मिळालं. 'ताई, मी तिला काही घालत नव्हते, तूही घालू नकोस. माणसाच्या हातचं खायला लागली की येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर झडप घालेल. छत्री उघडून जा. टाकीकडची दोरी पिल्लं उडेपर्यंत रिकामी ठेव. आणि पोरीचं पत्र पोरीला दे.'

छत्री! दोन्ही हातांत ओल्या चादरींची टोपली असते, छत्री काय दातात धरू? आणि टाकीकडची दोरी रिकामी ठेवायची तर दोन हॉटेलांच्या चादरी कुठे वाळवू, तुझ्या त्या मोठ्या खिडकीत?

पत्र गादीखाली आहे. माझ्या बाजूला. तिथेच राहील.

तू पत्र दे म्हणतेस ते कशावरून? ती तुला लिहिते, हे मला कळलंय. मी इतकी बावळट नाही. ह्यांच्या सदऱ्याला इस्त्री करताना खिशात पोस्टाची तिकिटं निघाली. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याच्या खिशात तिकिटं! विचारलं तर म्हणतात, "अगं, चिकटली असतील कुठूनतरी." नवरा माझा, मुलगी माझी, आणि टपाल तुझं.

काय लिहिते ती तुला? माझ्याशी तर दिवसभरात 'हो', 'नाही' आणि 'ठेवलंय तिथे' एवढंच बोलते. तुला पानंच्या पानं लिहीत असेल.

काल तमाशा झाला. तिसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर गच्चीवर सिगारेट ओढायला गेला आणि धुराचं निमित्त झालं की टकलाचं, घारीने त्याला फटका दिला. खाली आला तो आमच्याच दुकानात, डोक्यावर आमच्याच इथे धुतलेला रुमाल दाबून. "ते घरटं आजच्या आज काढायचं!" मी म्हणणार होते काढा, माझं काय जातंय. तेवढ्यात पोरगी मध्ये.

"काका, अंडी आहेत त्यात."

"मग? माझं डोकं फोडणार ती?"

"दीड-दोन महिन्यांत उडून जातील. तोवर तुम्ही पुढच्या बाल्कनीत ओढा ना. नाहीतर सोडून द्या. दातांना पण बरं नाही ते, तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

डॉक्टर रुमाल तसाच दाबून जिना चढला. हे इस्त्रीमागे तोंड लपवून हसत होते. पोरीने लगेच जिन्याच्या दारावर पाटी लावली. 'घार विणीत आहे. टाकीपासून लांब राहा. वर बघत उभे राहू नका. गच्चीवर खरकटं टाकू नका.' अक्षर बघितलं तर तुझं. तुझ्यासारखाच ट, तुझ्यासारखीच लांब वेलांटी. सहा वर्षं तू तिचा अभ्यास घेतलास आणि मी खाली मशीन चालवत होते. एवढं साबणाचं पाणी उपसलं तिच्यासाठी, आणि माझं म्हणून तिच्यात उतरलं काय? जाड मनगटं.

मोठी


२९ मार्च

पिल्लं निघाली. दोन. पोरीने सांगितलं, म्हणजे वहीला सांगितलं, मी मागून ऐकलं.

एक सांगते आणि त्यावर हसायचं नाही.

तुझा निळा एप्रन खुंटीवर तसाच होता. मी विचार केला, पाखराला काय कळतं, रंग कळत असेल. निळा एप्रन म्हणजे चांगली बाई असं तिच्या डोक्यात बसलं असेल. घातला. तू काडी, मी ही अशी. काखेत काचतो, हात खांद्याच्या वर जात नाहीत, मागचा बंद बांधायला ह्यांना बोलवावं लागलं. ते म्हणाले, "श्वास घेशील ना?" मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा.

गेले वर. हळूहळू, कारण त्यात भराभर चालताच येत नाही. चादरी खालच्या दोरीवर जेमतेम पसरल्या. घार बसून होती. बघितलं माझ्याकडे आणि मान फिरवली.

आली नाही.

मला बरं वाटायला हवं होतं ना? मला रडू फुटलं. माझ्याच गच्चीवर, माझ्याच धंद्याचे कपडे वाळत घालायला मला तू व्हावं लागलं. तरी आठ दिवस घालत राहिले, कारण काम होत होतं.

परवा पोरीचा शेवटचा पेपर होता. मी वर होते, तोंड दोरीकडे, चादरींमधून एप्रनचं निळं तेवढं दिसत असेल; परीक्षेच्या धांदलीत आठ दिवस ती वर आलीच नव्हती. जिन्यात धडधड पावलं वाजली, दार आपटलं आणि तिने मागून येऊन मला गच्च मिठी मारली. किती वर्षांनी मारली असेल, मोजता येणार नाही मला. पाठीला तिचं नाक लागलं. आणि म्हणाली, "मावशी! कधी आलीस?"

मी वळले नाही लगेच. खोटं कशाला बोलू, दोन श्वास तशीच उभी राहिले. फुकटची मिठी होती, घेतली. मग वळले. तिचं तोंड उजळलेलं होतं ते डोळ्यांदेखत विझलं. "अगं, तू होय," म्हणाली. "पेपर बरा गेला," म्हणाली आणि खाली गेली.

एप्रन मी फाडला. तुला नवीन घ्यावा लागेल.


२ एप्रिल

अर्ज आज बाहेर काढून बघितला. पेन्सिलीची फुली खोडायला गेले तर कागद फाटायला लागला, म्हणून सोडून दिलं. अजून गादीखालीच आहे. मला कार्डं पाठवू नकोस.


१९ एप्रिल

धाकटे,

काल तू फोनवर होतीस, तुला ऐकू आलं, दिसलं नाही. आणि त्याआधीचं तर तुला ऐकूही आलेलं नाही. ते मी आज लिहिणार आहे, मग तू मला बहीण म्हण नाहीतर काही म्हण.

एप्रन फाडल्यावर घार पुन्हा माझ्यावर यायला लागली. डॉक्टर रोज सकाळी दारात. "बाई, मी बांबूवाला माणूस आणतो, पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, माणूस कशाला, दोऱ्या उचलायचा बांबू माझ्याकडे आहे.

डॉक्टरच्या टकलासाठी मी गेले नाही. ओरखड्यांसाठीही नाही. पोरगी रोज त्या घरट्यासमोर बसून तुला पानं लिहिते. घरटं गेलं की वही मिटेल, वही मिटली की पानं बंद होतील, आणि तीस तारीख निघून जाईल. एवढा सरळ हिशेब मी केला. ती वाचनालयात गेली तसा बांबू घेतला. टाकीची शिडी चढले, चार पायऱ्या. नर खांबावरून ओरडत होता, मादी कुठे दिसत नव्हती. बांबूची गरजच नव्हती, हातभर अंतरावर होतं सगळं.

आत आपले रुमाल होते. कुठल्या हॉटेलचे ते कोपऱ्यात शिवलेल्या लाल खुणांवरून ओळखता येत होते. त्यावर दोन पिल्लं, पिसं अर्धी फुटलेली, तोंडं उघडून माझ्याकडे बघत होती. एक सरकलं. दुसऱ्याला सरकता येईना. बघते तर त्याच्या पायाला लाल दोरा. चार-पाच वेढे, मांसात रुतलेला, आणि खालचा पंजा टम्म सुजून काळपट.

खुणेचा दोरा गं. माझा.

तू होतीस तेव्हा खुणा सुती दोऱ्याने घालायचीस. दर चार धुण्यांनी तुटायचा आणि मी तुला बोलायचे, पक्कं काम येत नाही म्हणून. कापलेले तुकडे तू डब्यात जमवायचीस, मी म्हणायचे, दागिने करणार आहेस का त्याचे? तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नायलॉनचा दोरा आणला. वर्षभर एक खूण तुटली नाही. मला फार भारी वाटलं होतं, बघ म्हटलं, तिच्यावाचून अडत नाही. तो न तुटणारा दोरा रुमालाच्या टोकाला सुटला होता आणि पिल्लाच्या पायाला बसला होता.

बांबू हातातून पडला. मी शिडीवरून कशी उतरले मला आठवत नाही. जिन्यात पोरगी समोर आली, पुस्तकं घेऊन. तिने माझं तोंड बघितलं, उघड्या दारातून गच्चीवर पडलेला बांबू बघितला. सगळं समजली.  

"पाय," मी म्हटलं. "पिल्लाचा पाय. दोरा."

तिने माझ्या कमरेचा फोन काढून घेतला आणि तुला लावला. तू पहिल्या घंटेला उचललास. माझं नाव दिसत असतानाही. ते मी लक्षात ठेवलंय.

पुढचं तू ऐकलंस. तुमच्यासारखा माणूस आमच्या इथे यायला संध्याकाळ होईल आणि तोवर पंजा जाईल, हे तू तिला विचारून विचारून ठरवलंस. पंजा गार आहे का, बोट दाबलं तर ओढतं का. मग म्हणालीस, "ताई, तू फक्त छत्री धर. बोलू नकोस." अकरा महिन्यांनी माझ्याशी बोललीस ते हे. मी बोलले नाही. ऐकतेस ना, मी बोलले नाही!

आता दिसलं काय ते सांगते. पोरगी शिडीवर, फोन कठड्यावर, मी खाली मोठी छत्री तिच्या डोक्यावर धरून. तिने ओला पंचा पिल्लाच्या डोक्यावरून घातला, तसं ते गप्प झालं. दोरे कापायची छोटी कात्री तिने दोन बोटांत धरली. त्याच वेळी मादी आली. पहिला फटका छत्रीवर बसला, काडी मोडली. दुसऱ्याला मी छत्री तिच्यावर वाकवली, तेव्हा माझी पाठ उघडी पडली. तिसरा पाठीवर. नर पण आला. पोरीने वर बघितलं नाही. एकदाही नाही. तिचा हात हलला नाही. जीभ दाताखाली धरून एक वेढा कापला, फुंकर मारली, दुसरा कापला. मी तिच्या हाताकडे बघत होते. मनगट जाड आहे, माझं आहे. पण ते असं थांबतं हे मला ठाऊकच नव्हतं. ते तुझ्यातही नाही. तुझा हात तर सुईत दोरा ओवताना थरथरतो.

शेवटचा वेढा निघाला तेव्हा ती फोनकडे बघून म्हणाली, "झालं. रंग येतोय." आणि तुझ्या बाजूने नाक ओढल्याचा आवाज आला. तू रडत होतीस ना? मी पण.

मग तिने घरट्यातल्या बाकी रुमालांचे सुटे दोरे कापून खिशात टाकले, रुमाल तसेच ठेवले. आम्ही जिन्यात येऊन दार लोटलं. फटीतून बघितलं. मादी बराच वेळ कठड्यावर बसली, मग गेली आत.

जिन्यात बसून पोरगी माझ्या पाठीला औषध लावत होती.  मग आपणहून म्हणाली, "आई, तुझ्यावरच का येते माहितेय? तू चादर झटकतेस."

"झटकल्याशिवाय सुरकुत्या कशा जातील?"

"मोठा पांढरा पंख फटाफट वाजतो, तिला वाटतं कुणीतरी पिल्लांवर आलं. मावशी जिन्यात झटकून मग वर न्यायची."

मी तुला त्यावरूनही बोलायचे. वेडी आहे, जिन्यात पाणी उडवते म्हणून.

"आणि तो एप्रन?" मी विचारलं. "तो घातल्यावर आली नव्हती ती."

"त्यात तुझे हात वर जात होते का?"

नव्हते जात. म्हणजे ती तुला ओळखतच नव्हती. लाडकी बिडकी नव्हतीस तू तिची. हे कळल्यावर मला किती हलकं वाटलं ते लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

आणखी एक लिहायचंय. मागच्या मे महिन्यात घारीने माझं डोकं फोडलं आणि पोरगी आधी तुझ्याकडे पळाली, घरटं बरं आहे ना विचारायला, तेव्हा मी तुला म्हटलं, 'स्वतःला पोर नाही म्हणून माझं फितवतेस.' तू त्याच आठवड्यात गेलीस. ह्यांना मी सांगितलं, तिला तिकडे नोकरी लागली. पोरीलाही तेच सांगितलं. ते शब्द माझे आहेत. परत घेता येत नाहीत. पण मी बोललेच नव्हते असं आता म्हणणार नाही.

मोठी


२३ एप्रिल

धाकटे,

पत्र दिलं तिला. अर्जासकट.

वीस तारखेला सकाळी, दुकान उघडायच्या आधी. ती मशीनमध्ये कपडे टाकत होती. मी म्हटलं, "हे तुझं." तिने पाकिटावरचा शिक्का वाचला.

"एक मार्चचं आहे हे."

"हो."

"फोडलेलं आहे."

"हो."

"मावशी मला लिहीत होती, येईल अर्ज, थांब, येईल अर्ज, थांब; तुझं नाव एकदाही घेतलं नाही. मला वाटलं टपालात हरवला. मी बाबांना रोज पोस्टात पाठवत होते, आई! रोज! पोस्टातला माणूस त्यांना बघून हसायला लागला होता."

"मला नव्हतं द्यायचं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

ती ओरडली नाही. मशीनचं झाकण इतक्या जोरात लावलं की ह्यांनी आतून विचारलं, काय पडलं? दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. 'ठेवलंय तिथे' पण नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज टेबलावर आला, तिच्या अक्षरात भरलेला. पेन त्यावर आडवं. जवळ उभी राहिली.

मी विचारलं, "मावशीकडे जायचं म्हणून जातेस की हे शिकायचं म्हणून?"

तिने बराच विचार केला. मला वाटलं, मला बरं वाटेल असं काहीतरी बोलेल. तर म्हणाली, "दोन्ही."

खरी बोलते. ते तरी माझ्यावर गेलंय.

सही केली. फुलीवर. ह्यांनी पण केली, मग डोळ्यात इस्त्रीची वाफ गेली म्हणून मोरीत गेले. इस्त्री तेव्हा गार होती.

डॉक्टरला सांगून टाकलंय, जूनपर्यंत गच्चीवर पाय ठेवलात तर तुमचे रुमाल आणि पांढरे कोट दुसरीकडे टाका. पुढच्या बाल्कनीत ओढतोय बिचारा. टाकीकडची दोरी उतरवली, जिन्याच्या कठड्यावर आडवी बांधली. चादरी जिन्यात झटकते. तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी उडतं, उडू दे. नायलॉनचा दोरा सगळा गुंडाळून बंद डब्यात घातला आणि सुती आणलाय. तुटतो. पुन्हा घालते.

मोठी


७ जून

धाकटीस आशीर्वाद.

पोरगी उद्या निघते. रात्री अकराला पोचेल. हे पत्र तिच्याच हातात देतेय, चिकटवलेलं आहे, तिने फोडलं तर मला कळव. म्हणजे मला तिला एकदा तरी बोलता येईल.

दोन्ही पिल्लं उडाली. दोऱ्यावालं चार दिवस उशिरा उडालं. पाय थोडा वाकडा आहे, पण फांदी धरतं. पोरगी म्हणाली ठीक आहे, म्हणून ठीक आहे.

आता तिच्याबद्दल. सकाळी उठल्या उठल्या तिच्याशी बोलायचं नाही, अंगावर येते. तिला भूक लागली की ती चिडते आणि तिला वाटतं जग वाईट आहे. आधी खायला दे, मग जगाचं बघा. केस धुतले की पुसत नाही, ओल्या केसांनी झोपते. रडली तर विचारू नकोस. शेजारी काहीतरी काम काढून बस, आपोआप सांगते. हे मला सतरा वर्षांनी कळलं आणि तुला बहुतेक पहिल्या वर्षीच कळलं असेल. तरी लिहिते. माझ्याकडूनही तुला काहीतरी जाऊ दे.

मी खुशीने पाठवत नाहीये. तुला खोटं वाटायला नको. काल तिची बॅग भरताना ती गुणगुणत होती, आणि मला त्या बॅगेचा पण राग आला. इथे इतकी वर्षं ती गुणगुणली असेल, मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. तुझ्या त्या मोठ्या खिडकीशी बसून ती तुझ्याशी बोलेल आणि इथे मी आणि हे, ते इस्त्री फिरवणार, मी घड्या घालणार. मी तुझ्यावर जळते, धाकटे. लहानपणापासून जळते, आईने तुला कडेवर घेतलं तेव्हापासून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तूही पोरीला सांगू नकोस.

दिवाळखोरासारखं सगळं एकदम देऊन बसले असं समजू नकोस. सुट्टीत ती इकडे येईल. तूही ये. गिऱ्हाईकासारखी नको, टोपल्या उचलायला ये.

एक शेवटचं. ऋतू बदलला की तिला ताप येतो. आला की झोपेत बडबडते आणि कुणालातरी हाक मारते. तू उशाशी असशीलच. नीट ऐक. मला हाक मारली तर लगेच कळव, कार्ड नको, फोन कर. तुला मारली तर दोन दिवस थांब. मग फोन कर आणि मलाच मारली म्हणून सांग.

तुझी
ताई